स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?

गेल्या पावसाळ्यात काही माध्यमिक शिक्षक आमची प्रयोगशाळा पाहायला आले होते. किरणोत्सारी पदार्थ वापरले जातात त्या विभागातून बाहेर पडताना दारापाशी एक यंत्र लागते. त्याच्या खाचांमध्ये दोन्ही हात घालायचे, पाय खालच्या पट्ट्यांवर ठेवायचे आणि काही सेकंद थांबायचे. हिरवा दिवा लागला की दार उघडते. सगळ्यांचे हिरवे दिवे लागले. शेवटी आलेल्या एका शिक्षिकेने मात्र आम्हाला थांबवून विचारले, "हिरवा दिवा लागला म्हणजे माझ्या हाताला काहीसुद्धा लागलेले नाही, असेच ना?"

आम्ही म्हणालो, "ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लागलेले नाही."

हे उत्तर त्यांना पटले नाही. "मर्यादा कशाला? शून्यच का नको? आणि ही मर्यादा ठरवली कुणी आणि कशावरून?"

बाहेर बस उभी होती, त्यामुळे त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत वेळ मारून नेली. पण प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांचे नव्हते. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

धग आणि राख

किरणोत्साराविषयी बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. चुलीचे उदाहरण घेऊ. चुलीजवळ बसले की धग लागते. जास्त वेळ बसले तर जास्त लागते, लांब सरकले की कमी होते आणि उठून गेले की थांबते. धग आपल्याबरोबर येत नाही. राखेचे तसे नसते. राख हाताला लागली की हाताबरोबर चालू लागते. ती पदराला लागते, दाराच्या कडीला लागते, भाकरीला लागते आणि पोटात जाते.

क्ष-किरण यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला फक्त 'धग' लागते. यंत्र बंद झाले की विषय संपला, तो माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. पण किरणोत्सारी पदार्थ द्रव, भुकटी किंवा वायूच्या रूपात मोकळा असेल, तर तो टेबलावर, जमिनीवर, हातमोज्यांवर, कपड्यांवर बसू शकतो. नको त्या जागी असा किरणोत्सारी पदार्थ बसणे म्हणजे पृष्ठदूषण. ही चुलीची राख झाली, आणि ही राख आपली धग बरोबर घेऊन फिरते.

यातली खरी अडचण अशी की ही राख दिसत नाही. रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत फॉस्फरस-३२ हे समस्थानिक अनेक वर्षे वापरात आहे. त्याचा अर्धायुकाल १४.३ दिवस. या पदार्थाचे दर सेकंदाला ४ अणू फुटत असतील (म्हणजे त्याची क्रियाशीलता ४ बेकरेल असेल) तर तिथे एकूण अणू असतात सुमारे ७० लाख. ७० लाख हा आकडा मोठा वाटतो, पण पाण्याच्या एका थेंबात याच्या लाख कोटी पटींनी जास्त रेणू असतात. डोळा, नाक, जीभ, अगदी उत्तमातला तराजू, यांपैकी कशालाही हे ७० लाख अणू कळणार नाहीत. कळतात ते फक्त त्यांतून निघणाऱ्या बीटा कणांमुळे.

तबकड्या रंगवणाऱ्या मुली

हा धोका जगाला समजला तो एका कारखान्यामुळे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज या गावी १९१७ च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्या रेडियमयुक्त रंगाने रंगवण्याचे काम सुरू झाले. झिंक सल्फाइडमध्ये अत्यल्प रेडियम मिसळले की रंग अंधारात चमकतो. महायुद्ध चालू होते आणि सैनिकांना रात्री दिसणारी घड्याळे हवी होती. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली. आकडे बारीक असत, म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करायचे, अशी त्यांना शिकवण होती. प्रत्येक वेळी थोडा रंग पोटात जात होता.

ओठांची ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल. तिच्यातला दुसरा भाग तितका माहीत नसतो. १९२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे सेसिल ड्रिंकर आणि त्यांचे सहकारी त्या कारखान्याची पाहणी करायला गेले. त्यांनी मुलींना अंधाऱ्या खोलीत नेले. मुलींचे केस, चेहरे, हात, मान, कपडे, इतकेच काय आतले कपडेही चमकत होते. कारखान्यातील धूळ चमकत होती. म्हणजे रंग फक्त कुंचल्यावर नव्हता, तो सगळ्या जागेवर बसला होता आणि मुली तो दररोज घरी नेत होत्या. झिंक सल्फाइड होते म्हणून हे पृष्ठदूषण डोळ्यांना दिसले, एवढेच.

रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचा भाऊबंद. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. त्याचा अर्धायुकाल १,६०० वर्षांचा, त्यामुळे एकदा हाडांत बसले की जन्मभर अल्फा कण सोडत राहते. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजले, पुढे काहींना हाडांचा कर्करोग झाला. डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२५ मध्ये या आजाराचा संबंध शरीरातील रेडियमशी जोडून दाखवला. १९२७ मध्ये पाच स्त्रियांनी कंपनीविरुद्ध दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली.

पहिली मर्यादा याच मुलींच्या हाडांतून आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉब्ली इव्हान्स यांनी अशा व्यक्तींच्या शरीरातील रेडियम मोजले. ज्यांच्या शरीरात अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा कमी रेडियम होते, त्यांच्यात इजा दिसली नव्हती. १९४१ मध्ये, पुन्हा महायुद्धाच्या काळात, तबकड्यांचे काम वाढू लागले तेव्हा इव्हान्स सदस्य असलेल्या समितीने शरीरातील रेडियमची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठेवली. आपली स्वतःची पत्नी किंवा मुलगी त्या जागी काम करत असती तर हा आकडा आपल्याला चालला असता का, असे त्या वेळी एकमेकांना विचारून पाहिल्याचे इव्हान्स यांनी पुढे सांगितले आहे. मर्यादा ठरवण्याच्या कामात गणित असते, पण शेवटचे पाऊल नेहमी असे कुणाच्या तरी विवेकावर पडते.

टेबलापासून फुप्फुसापर्यंत

शरीरात किती चालेल हे ठरले, तरी टेबलावर किती चालेल हा प्रश्न उरतोच. टेबल आणि शरीर यांच्यामध्ये जे रस्ते आहेत, ते आधी ओळखावे लागतात. ते मुख्यतः तीन.

पहिला रस्ता हवेचा. माणसे चालतात, खुर्च्या सरकतात, झाडू फिरतो, आणि पृष्ठभागावर बसलेले कण पुन्हा हवेत उडतात. तीच हवा आपण श्वासात घेतो. दुसरा रस्ता हाताचा. टेबलाला लागलेला हात तोंडाला, सुपारीला, पेनच्या टोकाला लागतो. तिसरा रस्ता सरळ त्वचेचा. पदार्थ कातडीवर बसून तिला बीटा किरणांचा मारा करतो.

पहिल्या रस्त्याचे गणित आपण मांडून पाहू, वर्गात फळ्यावर मांडता येईल इतके ते सोपे आहे. समजा जमिनीवर प्लुटोनियम-२३९ बसले आहे, दर चौरस सेंटीमीटरला ०.४ बेकरेल. म्हणजे दर चौरस मीटरला ४,००० बेकरेल. त्यातले किती हवेत उडेल? हे जागेवर, वर्दळीवर आणि पदार्थ किती घट्ट बसला आहे यावर अवलंबून असते. एका चौरस मीटरवर १ बेकरेल असेल, तर शांत जागेत हवेच्या दर घनमीटरमध्ये दशलक्षांश बेकरेल आणि वर्दळीच्या, धुळीच्या जागेत दहा हजारांश बेकरेल, अशा विस्तृत पट्ट्यात हे प्रमाण आढळते. आपण मधले घेऊ, एक लाखांश.

मग हवेत दर घनमीटरला ०.०४ बेकरेल होतील. हलके काम करणारा माणूस ताशी सुमारे १.२ घनमीटर हवा श्वासात घेतो. वर्षाचे २,००० कामाचे तास धरले तर २,४०० घनमीटर. २,४०० गुणिले ०.०४ म्हणजे वर्षाला ९६ बेकरेल प्लुटोनियम श्वासाबरोबर आत जाईल. प्लुटोनियम-२३९ च्या एका बेकरेलमागे सुमारे ०.०३२ मिलिसिव्हर्ट डोस धरतात. म्हणजे सुमारे ३ मिलिसिव्हर्ट.

आता तुलना करू. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने (स्थापना १९८३) किरणोत्सारी कामातील व्यक्तींसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. सामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. आपले ३ मिलिसिव्हर्ट कामगारांच्या मर्यादेच्या आत बसतात. पण हवेत उडण्याचे प्रमाण लाखांशाऐवजी दहा हजारांश धरले, तर तोच आकडा ३० वर जातो! यावरून दोन गोष्टी कळतात. ०.४ हा आकडा हवेतून काढलेला नाही. आणि तो पाळला म्हणून झाडूने धूळ उडवायला मोकळीक मिळत नाही. अशा जागी कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे, हा नियम त्यातूनच आला आहे.

तिसऱ्या रस्त्याचेही गणित पाहू. फॉस्फरस-३२ सारखा जोरकस बीटा उत्सर्जक कातडीवर दर चौरस सेंटीमीटरला १ बेकरेल असेल, तर त्वचेला ताशी ढोबळमानाने २ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. ४ बेकरेल असतील तर ८. वर्षाचे २,००० तास धरून १६ मिलिसिव्हर्ट. पूर्ण शरीराच्या मानाने त्वचा काटक असते, कामगारांसाठी त्वचेची वार्षिक मर्यादा ५०० मिलिसिव्हर्ट आहे. इथे तर बरीच मोकळी जागा शिल्लक राहते.

४ आणि ०.४

अशा प्रकारची गणिते ब्रिटनमध्ये एच. जे. डन्स्टर आणि ए. फेअरबर्न यांनी १९६० च्या आसपास पद्धतशीरपणे मांडली. त्या काळी वापरात असलेले सर्वांत घातक पदार्थ त्यांनी गृहीत धरले. अल्फा उत्सर्जकांत प्लुटोनियम आणि रेडियम, बीटा उत्सर्जकांत स्ट्रॉन्शियम-९०. त्यांतून जे आकडे आले ते त्या वेळच्या क्युरी या एककात सुटसुटीत होते: बीटासाठी दर चौरस सेंटीमीटरला मायक्रोक्युरीचा दहा हजारावा भाग आणि अल्फासाठी एक लाखावा भाग. पुढे बेकरेल हे एकक आले. दहा हजारांश मायक्रोक्युरी म्हणजे ३.७ बेकरेल. ते पूर्णांकात करून ४ झाले, आणि अल्फासाठी ०.४.

किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे जे नियम आहेत, त्यांत खोक्याच्या बाहेरील सुट्या दूषणासाठी आजही हेच आकडे आहेत: बीटा व गॅमा उत्सर्जक आणि कमी विषारी अल्फा उत्सर्जक यांसाठी दर चौरस सेंटीमीटरला ४ बेकरेल, इतर अल्फा उत्सर्जकांसाठी ०.४. ही सरासरी ३०० चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाएवढ्या जागेवर घ्यायची असते. आणि याच्या दशांशापेक्षा (०.४ आणि ०.०४) कमी असेल तर त्या नियमांच्या भाषेत त्याला दूषण म्हणतच नाहीत.

अल्फासाठी मर्यादा दहापट कडक का? अल्फा कण जड आणि आखूड पल्ल्याचा. कातडीच्या बाहेरील मृत थरातच तो अडकतो, म्हणून बाहेरून तो जवळजवळ निरुपद्रवी असतो. पण फुप्फुसात किंवा हाडात गेल्यावर त्याची सारी ऊर्जा मोजक्या जिवंत पेशींवर खर्च होते. बाहेरचा भित्रा आणि घरातला जुलमी, असा त्याचा स्वभाव.

मग 'कमी विषारी अल्फा' म्हणजे काय? जत्रेत किंवा वरातीत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पाहिलेल्यांना त्यातली पांढरी जाळी, म्हणजे मेंटल, आठवत असेल. तिच्यात पूर्वापार थोरियम वापरले जाई. थोरियमही अल्फा उत्सर्जक आहे, पण त्याचा अर्धायुकाल १,४०० कोटी वर्षांचा. ते इतके सावकाश फुटते, की एका मिलिग्रॅममध्ये दर सेकंदाला फक्त ४ अणू फुटतात. म्हणजे ४ बेकरेलची मर्यादा गाठायला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक मिलिग्रॅम थोरियम हवे, आणि ते डोळ्यांना दिसेल. उलट प्लुटोनियमची ०.४ बेकरेलची मर्यादा गाठायला एका ग्रॅमचा सुमारे सहाशे कोटीवा भाग पुरतो. कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे. धोका व्हावा इतके थोरियम नकळत श्वासात जाणे अवघड असते, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे देश मात्र एकाच आकड्यावर थांबलेले नाहीत. जपानमध्ये किरणोत्सारी कामाच्या नियंत्रित जागेत बीटासाठी ४० आणि अल्फासाठी ४ बेकरेल चालतात, पण तिथून वस्तू बाहेर न्यायची तर त्याच्या दशांश, म्हणजे पुन्हा ४ आणि ०.४. आत एक आकडा आणि दारात दुसरा, कडक आकडा, ही कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे. आत काम करणाऱ्याला धोका माहीत असतो, त्याने प्रशिक्षण घेतलेले असते, त्याच्या छातीवर डोस मोजणारा बिल्ला असतो. दाराबाहेरच्या माणसाकडे यातले काही नसते.

मोजायचे कसे?

दूषण दोन प्रकारचे असते, सुटे आणि चिकटलेले. सुटे म्हणजे पुसले तर निघणारे. चिकटलेले म्हणजे लाकडात, सिमेंटच्या भेगेत, गंजात मुरलेले. पहिला आणि दुसरा रस्ता सुट्याचा आहे, म्हणून आपली मुख्य काळजी सुट्याची. किरणोत्सारी प्रयोगशाळेत लाकडी टेबल, फरशांच्या सांधी, गालिचे का नसतात, याचे उत्तर यात आहे.

सरळ मोजणीसाठी पातळ अभ्रकी खिडकी असलेली गायगर नळी वापरतात. खिडकीचे क्षेत्र १५ चौरस सेंटीमीटर असेल आणि खाली दर चौरस सेंटीमीटरला ४ बेकरेल असतील, तर खिडकीखाली सेकंदाला ६० अणू फुटतात. त्यांचे निम्मे कण खाली जातात, काही हवेत आणि खिडकीत अडतात. फॉस्फरस-३२ साठी शंभरातील सुमारे २५ मोजले गेले तर यंत्र सेकंदाला १५ मोजण्या दाखवेल. आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे यंत्र एरवीही सेकंदाला एखादी मोजणी दाखवतच असते. त्यावर १५ उठून दिसतात. कार्बन-१४ चे बीटा कण दुबळे, शंभरातले पाचच मोजले जातील, म्हणजे सेकंदाला ३. तेही धीराने मोजले तर कळतात. ट्रिटियमचे बीटा कण मात्र इतके क्षीण, की खिडकीतून आतच येत नाहीत. टेबल ट्रिटियमने माखलेले असले तरी यंत्र शांत राहते! यंत्र गप्प आहे म्हणजे जागा स्वच्छ आहे, असे समजणारा इथे फसतो.

अशा वेळी पुसणी चाचणी करतात. दहा सेंटीमीटर बाजूच्या चौरसावर गाळणकागद मध्यम दाबाने फिरवायचा आणि तो कागद मोजणी यंत्रात ठेवायचा. कागद सगळे दूषण उचलत नाही, म्हणून प्रत्यक्ष चाचणी केलेली नसेल तर एक दशांश उचलले असे धरतात. ट्रिटियमसाठी तोच कागद प्रस्फुरक द्रवात बुडवून मोजतात.

एका चष्म्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण सहकारी फॉस्फरस-३२ वापरून काम करत होता. हुशार आणि शिस्तीचा. जाड अॅक्रिलिकच्या पडद्यामागे, दोन-दोन हातमोजे घालून काम चालले होते. संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळीकडे यंत्र फिरवले. टेबल स्वच्छ, जमीन स्वच्छ, धुतलेले हात स्वच्छ. हिरवा दिवा लागला. निघता निघता त्याने यंत्राची नळी गंमत म्हणून स्वतःच्या चेहऱ्याजवळ नेली आणि यंत्र कडकडू लागले.

दूषण चष्म्यावर होते, नाकावर टेकतो त्या जागी. काम करताना घामाने घसरणारा चष्मा तो हातमोज्याच्या बोटानेच वर सरकवत होता. दिवसातून किती वेळा, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. नाक धुतल्यावर स्वच्छ झाले. चष्मा साबणाने तीनदा धुतला तरी नाकाच्या रबरी टेकूत मुरलेले निघेना. सेकंदाला ३० मोजण्या, म्हणजे सुमारे १२० बेकरेल.

आम्ही हिशेब केला. तोच चष्मा त्याने पुढे रात्रंदिवस घातला असता, तरी नाकाच्या त्वचेला मिळणारा डोस वार्षिक मर्यादेच्या आतच राहिला असता. त्याच्या जिवाला धोका नव्हता. पण तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, घरी गेल्या गेल्या मुलगी माझा चष्मा ओढते आणि तोंडात घालते." मुलगी दीड वर्षाची होती.

तिचाही हिशेब केला. सगळेच्या सगळे १२० बेकरेल तिच्या पोटात गेले असते तरी डोस एका मिलिसिव्हर्टच्या दोन-तीन सहस्रांश झाला असता. जनतेसाठीच्या मर्यादेच्या मानाने नगण्य. हे आम्ही त्याला सांगितले आणि ते खरे होते. पण ऐकून त्याचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. त्या मुलीने आमच्या प्रयोगशाळेत नोकरी धरलेली नव्हती. तिच्यापर्यंत काहीही पोचण्याचे कारणच नव्हते.

चष्मा एका अॅक्रिलिकच्या डब्यात ठेवून डब्यावर तारीख लिहिली. दर १४.३ दिवसांनी निम्मे, असे दहा वेळा झाले की हजारावा भाग उरतो, म्हणजे सुमारे पाच महिने. तोवर तो जुन्या चष्म्यावर वाचत राहिला. डबा उघडला तेव्हा यंत्राला नैसर्गिक किरणोत्सारापलीकडे काही सापडले नाही. आता आमच्याकडे हात-पाय तपासल्यावर चष्मा, पेन आणि किल्ल्याही तपासतात. हा नियम कुठल्या पुस्तकातून आलेला नाही.

आमचा प्रकार किरकोळ होता. दारात तपासणीच नसेल तर काय होते हे ब्राझीलमधील गोयानिया शहराने १९८७ मध्ये पाहिले. बंद पडलेल्या दवाखान्यातील सीझियम-१३७ चा स्रोत भंगारासाठी फोडला गेला. आतल्या निळसर चमकणाऱ्या भुकटीचे लोकांना कौतुक वाटले. ती हातोहात वाटली गेली, अंगाला चोळली गेली. सीझियम क्लोराइड मिठासारखे विरघळते, त्यामुळे ते सहज पसरले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जण दूषित आढळले आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यांत एक लहान मुलगी होती. तिने त्याच हातांनी जेवण केले होते.

मर्यादा म्हणजे कुंपण नव्हे

आता मूळ प्रश्न, शून्यच का नको?

पहिले कारण असे की, शून्य मोजता येत नाही. प्रत्येक यंत्राला नैसर्गिक किरणोत्साराची पार्श्वभूमी असते आणि तिच्याहून बरेच कमी असलेले काही तिच्यात बुडून जाते. दुसरे, आपण स्वतःही शून्य नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे दर सेकंदाला सुमारे ४,००० अणू फुटत असतात. शेतकरी पिकाला घालतात त्या म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या एका ग्रॅममध्ये सुमारे १६ बेकरेल असतात. गोदामात ते सांडून अडीच मिलिमीटरचा थर झाला, तर दर चौरस सेंटीमीटरला ४ बेकरेल होतात! तरीही गोदामाला कुलूप लावण्याचे कारण नाही, कारण शरीर पोटॅशियमचे प्रमाण स्वतः राखते, जास्तीचे बाहेर टाकते. ४ हा आकडा घातकातला घातक पदार्थ गृहीत धरून काढला आहे. तो ओलांडला की लगेच इजा होते, असे नाही, आणि त्याच्या आत असलो की पुसायची गरज नाही, असेही नाही. इजेच्या बरेच अलीकडे मारलेली ती खडूची रेघ आहे. ओलांडली तर थांबा, शोधा, पुसा, एवढे ती सांगते. आत असतानाही शक्य तितके कमी ठेवायचे, हे मूळ तत्त्व.

रेघ हलवतात कशी, याचे उदाहरण जपाननेच दिले. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर लोकांच्या तपासणीत मिनिटाला १३,००० मोजण्या (४० बेकरेलच्या जवळपास) ही अंग धुण्याची मर्यादा होती. थंडी होती, पाणी नव्हते, हजारो लोक रांगेत होते. काही दिवसांत ती १,००,००० वर नेली गेली, आणि परिस्थिती आटोक्यात आल्यावर पुन्हा १३,००० वर आणली. अणूंचा स्वभाव त्या आठवड्यात बदललेला नव्हता. गोठवणाऱ्या थंडीत अंग धुण्याचा धोका आणि थोड्या दूषणाचा धोका यांची तुलना बदलली होती. अशा वेळी रेघ हलवणाऱ्यांनी ती का हलवली हे लोकांना समजेल असे सांगणे, हा सुरक्षिततेचाच भाग आहे. नाहीतर पुढच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

वर्गात करून पाहा

किरणोत्सारी पदार्थाशिवाय हा विषय उत्तम शिकवता येतो. कपडे शुभ्र करण्यासाठी मिळते ती टिनोपॉलसारखी पूड आणि दुकानात नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा मिळवा. तासाच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या बोटांना चिमूटभर पूड लावा आणि नेहमीचा तास घ्या. तासाच्या शेवटी खिडक्या लावून दिवा फिरवा. वह्या, बाकाची कड, दाराची कडी, शेजाऱ्याचा डबा, स्वतःचे नाक. कुठे कुठे चमकते याचा नकाशा विद्यार्थ्यांना काढू द्या. मग दहा सेंटीमीटरचा चौकोन आखून ओल्या टिपकागदाने एकदा, दोनदा, तीनदा पुसा आणि दर वेळी दिव्याखाली पाहा. गुळगुळीत फरशी आणि खरबरीत लाकूड यांत फरक दिसेल. दिवा डोळ्यांत मारू नये आणि शेवटी सर्वांनी हात धुवावेत. दिवा नसेल तर गुलाल घ्या, काम चालते.

त्या शिक्षिकेला आम्ही आता असे सांगू: हिरवा दिवा लागला, म्हणजे तुमच्या हाताला असलेच तर इतके थोडे आहे, की ते घरी गेले तरी घरच्यांना त्याची बाधा होऊ नये. ते 'इतके थोडे' किती, हे आम्ही तबकड्या रंगवणाऱ्या मुलींकडून शिकलो. त्यांच्या केसांवर ते चमकत होते, पण त्यांच्या दारात असे यंत्र नव्हते.